जमिनीत सोडलेली तापमानाची माळ

सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात फ्योदोर शेरगिन यांनी खोदायला घेतलेली विहीर १८३७ साली सुमारे ११६ मीटरवर थांबली. पाणी लागलंच नाही, तळापर्यंत जमीन गोठलेली होती. पुढे १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या संशोधकांनी त्याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं. आज हे काम अरुंद बोअरमध्ये सोडलेली एक केबल करते.

केबलमध्ये ठरावीक अंतरावर मणी ओवावेत तसे सेन्सर असतात. जुन्या थर्मिस्टरच्या (तापमानाबरोबर विद्युत रोध बदलणाऱ्या सेन्सरच्या) माळेत जवळपास प्रत्येक मण्याला वेगळी तार लागे. डिजिटल सेन्सर मात्र तापमानाचा आकडा जागेवरच तयार करतो, त्यामुळे सगळ्यांना मिळून दोन-तीन तारा पुरतात. डीएस१८बी२० या लोकप्रिय चिपला कारखान्यातच ६४ बिटांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. डेटा लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारं यंत्र, क्रमांक पुकारतो आणि तोच मणी उत्तर देतो. पण क्रमांकावरून खोली कळत नाही. कोणता मणी किती मीटरवर, ही नोंद माळ खाली सोडण्याआधीच करावी लागते. माझ्या मते सगळ्या कामात हीच वही सर्वांत मोलाची.

या चिपची छापील अचूकता अर्धा अंश. गोठणबिंदूच्या आसपास तेवढ्यात जमीन गोठलेली की वितळलेली, हाच निकाल फिरतो. म्हणून माळ आधी बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणात बुडवून प्रत्येक मण्याची शून्यावरची चूक टिपतात.

खरी गंमत आकड्यांपेक्षा त्यांच्या चालीत आहे. दिवसाची उष्णता जमिनीत जेमतेम मीटरभर उतरते. उष्णतेची लाट किती खोल जाईल, हे तिच्या कालावधीच्या वर्गमुळावर ठरतं. वर्ष दिवसाच्या ३६५ पट, त्याचं वर्गमूळ सुमारे १९. म्हणून ऋतूंची लाट तितक्याच पट खोल जाते. जाताना ती मंदावते आणि मागेही पडते. काही मीटर खाली हिवाळ्याचा गारवा पोचतो तेव्हा वर उन्हाळा आलेला असतो.

मातीच्या धरणात ही चाल फार उपयोगी पडते. भरावाच्या आत खोलवरचे मणी वर्षभर जवळजवळ स्थिर राहायला हवेत. पण पाझर वाढला, की जलाशयाचं पाणी ऋतू सोबत घेऊन आत शिरतं. मग ओळीतला एखादाच मणी शेजाऱ्यांना सोडून तलावाच्या तापमानामागे धावू लागतो, आणि पाणी नेमकं कुठल्या खोलीवर वाट काढतंय ते वहीत सापडतं.