गावाचे दिवे रुळांवर नकोत

मॉडेल रेल्वेच्या टेबलावर फलाट, घरं, रस्ता उभा राहिला की हौशी माणसाला दिव्यांचे वेध लागतात. सगळ्यात जवळची वीज रुळांतली, म्हणून दिव्यांच्या वायरी सरळ रुळांनाच जोडल्या जातात. मग गाडी सुटली की गाव उजळतं, वेग कमी झाला की मंदावतं आणि गाडी थांबली की काळोख होतो. साध्या डीसी पद्धतीत असं होणारच. रुळांमधलं ० ते १२ व्होल्टचं दाब-मान म्हणजेच गाडीचा वेग. गाडी मागे न्यायची तर धन-ऋण उलटं करावं लागतं, आणि एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देत असल्याने तेव्हा ते विझूनच जातात.

डीसीसी या डिजिटल पद्धतीत रुळांवर कायम सुमारे १५ व्होल्ट असतात. त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत राहते आणि प्रत्येक अर्ध्या फेरीच्या लांबीत इंजिनासाठी निरोप दडलेला असतो : ५८ मायक्रोसेकंद म्हणजे १, शंभर किंवा जास्त म्हणजे ०. इथे दिवे मंदावणार नाहीत. तरीही ते रुळांवर घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. एक डबा सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, घसरला, चाकाने दोन्ही रूळ जोडले, की शॉर्ट होऊन गाड्यांबरोबर सगळं गावही अंधारात जातं. शिवाय दिव्यांनी खाल्लेला प्रत्येक मिलिअँपिअर गाड्यांच्या वाट्यातून जातो.

दिव्यांना गाड्यांपासून वेगळी वीज द्यायची, हे उत्तर. मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ते रंगातच दिसतं. लाल वायर रुळांची, पिवळी दिव्यांची, तपकिरी दोघांची सामाईक. लाल वायरीवरचा दाब वेगाची मूठ फिरवावी तसा कमी-जास्त होतो, पिवळीवर मात्र १६ व्होल्ट एसी स्थिर राहतो. हॅम्बुर्गच्या मिनियाटुर वुंडरलांडमध्ये, २००१ साली उघडलेल्या मॉडेल रेल्वेच्या त्या अवाढव्य प्रदर्शनात, दर १५ मिनिटांनी दिवस-रात्रीचं एक चक्र पूर्ण होतं. संध्याकाळ होते, खिडक्या एकेक करून उजळतात आणि गाड्या आपल्या वेगाने धावतच राहतात. दिव्यांचा कारभार गाड्यांपासून सुटा असल्याशिवाय हे जमणारच नाही.

घरच्या टेबलासाठी १२ व्होल्टचा चांगला डीसी अ‍ॅडॅप्टर पुरे. पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब वापरत. एकेक बल्ब साधारण ५० मिलिअँपिअर घेई. चाळीस बल्ब म्हणजे २ अँपिअर, २४ वॅट, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन प्लास्टिकच्या छपराखाली कोंडलेला. एलईडीने हा प्रश्न मिटवला. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट पडतात, उरलेले ९ रेझिस्टरने झेलायचे. १ किलोओहम लावला तर ९ मिलिअँपिअर वाहतो. तीन एलईडी एकामागे एक जोडले तर ९ व्होल्ट त्यांच्यावरच खर्च होतात, ३३० ओहम पुरतो आणि तेवढ्याच करंटमध्ये तीन दिवे लागतात.

पण ९ मिलिअँपिअरवर फलाटाचा दिवा बघवत नाही. १:८७ या एचओ प्रमाणात ६ मीटरचा खांब जेमतेम ७ सेंटिमीटरचा होतो, आणि त्याच्या टोकाला डोळे दिपवणारा ठिपका आला की सगळं दृश्य खोटं वाटू लागतं. म्हणून १ च्या जागी १० किलोओहम लावून पाहावा. करंट दहाव्या हिश्श्यावर येतो, उजेड मात्र डोळ्याला निम्मा किंवा तिसरा हिस्साच भासतो, कारण आपली नजर प्रकाशाचं मोजमाप सरळ पटीत करत नाही. मला विचाराल तर १० किलोओहमपासून सुरुवात करून गरज असेल तरच खाली यावं. घरांत पिवळसर छटेचे, फलाटावर पांढरे एलईडी घेतले की दोन्ही जागा वेगळ्या ओळखू येतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं सुटं मिळतं.

वायरीकडे सहसा कुणी बघत नाही. ०.२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या बारीक वायरीने पाच मीटर जाऊन परत यायचं, तर रोध सुमारे ०.८६ ओहम होतो. २ अँपिअरला त्यात १.७ व्होल्ट वाटेतच संपतात आणि टेबलाच्या टोकाचं गाव फिकं पडतं. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची जोडी टेबलाखालून फिरवली आणि तिच्यावरून छोट्या वायरी वर घेतल्या, तर हीच घट पाव व्होल्टच्या आत येते.

सांध्यांची तऱ्हा निराळी. सांधा सरकवणारी दोन कॉइलांची जुन्या धाटणीची मोटर क्षणभर काही अँपिअर ओढते, आणि बटणावर बोट जास्त वेळ राहिलं तर कॉइल जळते. त्यावर उपाय वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरचा. १६ व्होल्ट एसी डायोडच्या ब्रिजने सरळ करून, म्हणजे डीसी करून, रेझिस्टरमधून ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठवला, की दाब सुमारे २१ व्होल्ट आणि ऊर्जा जवळपास १ ज्यूल होते. १०० ग्रॅम वजन मीटरभर उचलायला लागते तेवढीच ही ऊर्जा, पण ती एका फटक्यात कॉइलमध्ये जाते आणि सांधा खट्कन बसतो. बटण दाबून धरलं तरी मागून येणारा करंट तुटपुंजा, म्हणून कॉइल वाचते. मात्र हा कपॅसिटर दिव्यांच्याच वीजपुरवठ्यावर भरला, तर दर वेळी गाव लुकलुकतं. सांध्यांना तिसरा, वेगळा पुरवठा द्यावा.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून अनेक जण फ्यूज टाळतात. धोका उष्णतेचा असतो. ५ अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरला अर्धवट शॉर्ट हा नेहमीचाच लोड वाटतो आणि तो एका नखाएवढ्या जागी ६० वॅटपर्यंत ओतत राहतो, तेही लाकूड, थर्माकोल आणि कापसाच्या झाडांमध्ये. म्हणून स्टेशन, बाजार, गावठाण अशा प्रत्येक भागाला अर्ध्या अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा. बिघाड झाला तर तेवढाच भाग विझतो, आणि शोधायचं कुठे हेही लगेच कळतं.