वेबकॉमिकच्या टेबलावर निळी पेन्सिल कुठून आली

हाताने वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर प्रसिद्ध होणारी चित्रकथा, काढणाऱ्याच्या टेबलावर आज साधारण हे सामान दिसतं: फिकट निळी पेन्सिल, ए-४ मापाचा जाड गुळगुळीत कागद, वॉटरप्रूफ काळी शाई किंवा पिगमेंट शाईची फाइनलायनर पेनं, एखादा ब्रश, चुका झाकायला पांढरा पोस्टर कलर आणि शेजारी स्कॅनर, नाहीतर फोन. स्कॅनर आणि फोन सोडले तर यातलं बरंचसं सामान छापखान्याच्या गरजेतून घडलं आहे. वेबवर त्यातलं काय अजून कामाचं आहे आणि काय नुसत्या सवयीने चाललं आहे, हे कळायला छापखान्याची शेवटची तीस-चाळीस वर्षं बघावी लागतात.

शाईचा जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. काजळी आणि डिंक घोटून केलेली शाई आपल्याकडे पोथ्यांपासून मोडी दफ्तरांपर्यंत चालली. बाटलीवर जिला इंडियन इंक म्हणतात तिचं कूळ मात्र चीनमधलं. इंग्रजांनी तिला हिंदुस्थानचं नाव दिलं, फ्रेंच तिला आजही चिनी शाई म्हणतात. गंमत अशी की या शाईला वॉटरप्रूफ करायला पुढे वापरली गेलेली लाख खरोखरच मोठ्या प्रमाणावर इथली. लाख वाळली की पाण्याने हलत नाही, म्हणून वरून रंगाचा हात फिरवता येतो. म्हणूनच ही शाई फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचं बसतं, ती टाकानेच वापरायची. टाकाची पोलादी निब एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून जगभर गेली आणि बोरू मागे पडला. मुंबईत १९३१ साली एका मराठी कुटुंबाने शाईची पावडर आणि गोळ्या करायला घेतल्या. पुढे त्याच घराच्या रंगांवर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देणाऱ्या पोरांच्या पिढ्या वाढल्या. आपल्याकडच्या वेबकॉमिकवाल्यांची साहित्याशी पहिली ओळख बहुतेक त्याच परीक्षांमध्ये होते: कार्ट्रिज कागद, गोल आणि चपटे ब्रश, पोस्टर कलरच्या बाटल्या.

खरी गोष्ट ब्लॉकपासून सुरू होते. लेटरप्रेसच्या, म्हणजे उंच ठशाला शाई लावून कागदावर दाबण्याच्या, काळात व्यंगचित्र छापायचं तर त्याचा जस्ताचा लाइन ब्लॉक करावा लागे. चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवायचा, रेघ सोडून बाकीचा पत्रा आम्लाने खायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लागायची. यात मधला करडा रंग नाहीच. एकतर काळं, नाहीतर कोरा कागद. छटा हवी तर आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा, ठिपके द्या, किंवा छटा बारीक ठिपक्यांत फोडणारा हाफटोन ब्लॉक करा. तो महाग पडे आणि वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर चिखल होई. जुन्या दिवाळी अंकांतली ठसठशीत, मोजकी, आत्मविश्वासाची रेघ आपल्याला आवडते. चित्रकारांचं कौशल्य त्यात आहेच, पण जस्ताच्या पत्र्याची सक्तीही आहे. मूळ चित्र छापायच्या मापापेक्षा दीडपट-दुप्पट मोठं काढण्याची रीतही तिथलीच. कॅमेऱ्याने लहान केलं की हाताचा कंप आणि निबचे खरखरीत काठ दिसेनासे होतात.

सपाट प्लेटवरून छापणारं ऑफसेट आल्यावर ब्लॉक गेला, पण काळं-पांढरं राहिलं. आता चित्र प्रोसेस कॅमेऱ्याखाली जाई, त्याची फिल्म निघे, ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरची प्रत, निघे, ती पानावर कापून चिकटवली जाई. या टप्प्यावर निळी पेन्सिल येते. तिच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण वेबकॉमिक काढणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दलच आहेत.

हिचं नाव नॉन-फोटो ब्ल्यू. नावावरून वाटतं की हा निळा रंग फोटोत येतच नाही, काहीतरी अदृश्य रसायन असावं. तसं काही नाही. गुण पेन्सिलीत नव्हता, फिल्ममध्ये होता. लाइन कामाची फिल्म निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील होती, लाल प्रकाश तिला दिसतच नसे. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चाले. फिकट निळ्या रेघेवरून परतलेला प्रकाश या फिल्मला कोऱ्या कागदाइतकाच उजळ वाटे, म्हणून रेघ नाहीशी होई. याउलट लाल पेनाने केलेली खूण फिल्मला काळी दिसे आणि छापून येई. चित्रकाराने निळ्यात कच्चं काढायचं, वरून काळ्या शाईने पक्कं करायचं आणि खोडायचं काहीच नाही. पान लावण्याच्या शीटवर रकान्यांच्या रेघाही याच फिकट निळ्यात छापलेल्या असत.

न खोडण्याचा हा फायदा किती मोठा आहे, ते काळ्या पेन्सिलीवर शाई चढवून मग खोडरबर फिरवलेल्याला विचारा. रबर ग्रॅफाइटबरोबर शाईचाही वरचा थर उचलतो. भरलेला काळा भाग राखाडी पडतो, बारीक रेघ तुटते, कागदाचा तंतू उभा राहतो आणि त्या जागी पुन्हा टाक लावला तर शाई फुटते. चार चौकटींच्या पट्टीत हे चालून जाईल. वीस पानांच्या प्रकरणात प्रत्येक पान दोनदा शाईत काढावं लागतं.

मग स्कॅनर आला आणि पेन्सिलीचं नाव खोटं ठरलं. स्कॅनरला लाल, हिरवा, निळा तिन्ही रंग दिसतात. करड्या मोडमध्ये स्कॅन केलं की निळी रेघ फिकट राखाडी होऊन समोर येते. लोक म्हणू लागले की पेन्सिल नकली आहे, पूर्वीची चांगली होती. पेन्सिल तीच होती, बघणारा डोळा बदलला होता.

यावर दोन पंथ पडले, ते आजतागायत आहेत. पहिला पंथ म्हणतो, करड्यात स्कॅन करा आणि थ्रेशोल्ड लावा. एका मर्यादेपेक्षा फिकट ते पांढरं, गडद ते काळं. झटपट काम होतं. पण निळा घालवायला मर्यादा जितकी कडक करावी तितकी शाईची नाजूक रेघही मरते. टाक उचलताना बारीक होत गेलेली शेपटी, कोरड्या ब्रशचा खरखरीत फटकारा, म्हणजे हाताने काढण्याची जी खूण आहे तीच आधी जाते. दुसरा पंथ म्हणतो, रंगीत स्कॅन करा आणि तिन्ही चॅनलांपैकी, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी, फक्त निळा ठेवा. निळ्या चॅनलमध्ये निळी रेघ जवळजवळ कागदाएवढी उजळ असते आणि काळी शाई काळीच राहते. जुन्या फिल्मचं काम इथे चॅनल करतं. उरलासुरला डाग लेव्हल्स या उजेड-अंधार बदलण्याच्या सोयीत जरा उजेड वाढवला की जातो.

मी दुसऱ्या पंथाचा, हे लपवत नाही. पण पहिला पंथ का फोफावला तेही सांगायला हवं. ए-४ पान ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके या बारकाईने, स्कॅन केलं तर ४,९६१ गुणिले ७,०१६, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी पिक्सेल होतात. करड्या मोडमध्ये ते मेमरीत ३५ एमबीच्या आसपास बसतं, रंगीत केलं की शंभरच्या वर जातं. २००० सालच्या आसपास घरच्या कॉम्प्युटरला ६४ एमबी रॅम असली तरी पुष्कळ वाटे. रंगीत पान उघडलं की हार्ड डिस्क घरघरत राही आणि माउस अडके. करडा मोड हा चित्रकलेचा निर्णय नव्हता, तो नाइलाज होता. नाइलाज संपून वीस वर्षं झाली तरी ‘करड्यातच स्कॅन करा’ हा सल्ला शिकवण्यांमधून फिरत राहिला, आणि नव्याने शिकणारी मुलं आपल्या निबला दोष देत राहिली.

निळ्या पेन्सिलीबद्दल आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. शाळेच्या रंगपेटीतली निळी पेन्सिल मेणचट असते. तिच्या रेघेवरून टाक गेला की शाई मण्यांसारखी गोळा होते, रेघ मध्ये मध्ये सुटते. कमी मेणाची, खोडता येणारी पेन्सिल घ्यावी आणि तीही हलक्या हाताने चालवावी. निळं आहे म्हणून दाबून काढणं ही नवशिक्याची सगळ्यात नेहमीची चूक.

चित्र वेबवर चढवण्याचे नियम वेगळेच होते. वेबवर नियमित येणारी पहिली व्यंगचित्रं १९९३ पासूनची. त्याआधी कॉम्प्युटर नेटवर्कांवर एखाद-दुसरा प्रयोग झालेला होता. १९८७ सालचा गिफ हा चित्राच्या फाइलीचा प्रकार २५६ रंगांत आणि सपाट भागांत चांगला चाले. १९९२ सालचा जेपेग फोटोंसाठी केलेला, काळ्या रेघेभोवती तो मळकट धुरळा उठवतो. गिफच्या आतल्या, फाइल लहान करण्याच्या पद्धतीवर पेटंट होतं, त्याच्या फीवरून १९९४ च्या शेवटी गदारोळ झाला आणि त्यातून १९९६ साली पीएनजी पक्का झाला. रेघेच्या चित्राला आजही तोच योग्य. शुद्ध काळं-पांढरं हा जस्ताच्या पत्र्याचा नियम स्क्रीनवर मात्र उलटा पडतो. पडद्यावर करडे काठ नसतील तर रेघ पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. म्हणून मोठं स्कॅन करून मग लहान करायचं, म्हणजे काठ आपोआप मऊ होतात. दीडपट मोठं काढण्याची जुनी रीत अशी पुन्हा कामाला आली.

कागदाचं माप तर स्कॅनरच्या काचेनेच ठरवलं. ए-३ स्कॅनर घरात परवडणारा नव्हता. कॉलेजात असताना मी ए-३ आयव्हरी शीटवर काढलेलं एक पान सायबर कॅफेत दोन तुकड्यांत स्कॅन केलं. घरी जोडायला गेलो तर दोन्ही अर्धे किंचित वेगळ्या कोनात आलेले. नायकाचं नाक एका अर्ध्यात, ओठ दुसऱ्यात, आणि मध्ये केसाएवढी फट. रात्र गेली ती बुजवण्यात. त्यानंतर ए-४ सोडलं नाही, आणि माझ्या माहितीतल्या अनेकांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. स्वस्तातल्या सपाट स्कॅनरांची नजर काचेपासून जेमतेम कागदाच्या जाडीपर्यंत पोचते. पाण्याच्या रंगाने कागद फुगला असेल तर फुगलेला भाग धूसर येतो. वेबकॉमिकवाल्यांनी पातळ कार्ट्रिज सोडून जाड, गुळगुळीत कागदाकडे जाण्याचं हेही एक कारण.

ब्रशबद्दल थोडक्यात. आपल्याकडे बरीच वर्षं मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास मिळत. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे; त्याच्या केसांचा ब्रश विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे. २०१९ साली देशभर छापे पडले. नायलॉनच्या ब्रशचं टोक आता पुरेसं चांगलं असतं, आणि शाईची लाख कुठलाही महागडा ब्रश काही महिन्यांत खातेच. या बाबतीत दुसरी बाजू मांडण्याची मला गरज वाटत नाही.

ब्रश आणि टाक दोन्ही ज्यांना झेपत नव्हते त्यांना १९८० च्या दशकात जपानहून आलेल्या पिगमेंट शाईच्या पेनांनी वाट दिली. शाई पाण्याने हलत नाही, दौत सांडत नाही, लोकलमध्ये बसूनही काढता येतं. पण ०.३ चं पेन कुठेही ०.३ च राहतं. दाब दिला की जाड, सोडला की बारीक, हे टाकाचं बोलणं त्यात नाही.

मराठीत काढणाऱ्यांची एक अडचण या सगळ्या साहित्याबरोबर आयात झाली नाही, ती आपली आपणच सोडवावी लागली: फुग्यातली अक्षरं. युनिकोड आल्यावरही बरीच वर्षं चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकली की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर जाई आणि जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त उघडा पडे. जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट नीट बसत, पण ते डीटीपीवाल्याच्या मशीनवर. शेवटी लोकांनी अक्षरं हातानेच काढली, आणि मला वाटतं त्यात चित्रांचं भलं झालं. मात्र चपट्या निबा रोमन अक्षरांसाठी कापलेल्या असतात. देवनागरीची जाड-बारीक लय त्याच्या उलट तिरकसपणाची. ‘क’ चं पोट त्या निबेने काढलं तर जिथे भरायला हवं तिथे बारीक होतं. काहीजण निब दगडावर घासून उलटी तिरकी करतात. काहीजण सरळ बोरू कापतात, कारण त्याचा कोन आपल्या हातात असतो. शिरोरेघ शेवटी, एका दमात, पट्टीशिवाय द्यायची. पट्टीने दिली की फुग्यातली माणसं बोलायची थांबतात, फलक वाचल्यासारखं वाटतं.

गेल्या दहा वर्षांत दोन गोष्टींनी टेबल पुन्हा हलवलं. २०१५ नंतर पडद्यावरच पेनाने काढणं अनेकांच्या आवाक्यात आलं, आणि त्यातल्या काही सॉफ्टवेअरांमध्ये कच्च्या रेखाटनाचा थर एका क्लिकवर निळा करता येतो. तिथे खोडायचं काही नाही, फिल्म नाही, स्कॅनर नाही. तरी निळा आहे. दुसरी गोष्ट फोन. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, वाचक फोनवर आले. इन्स्टाग्रामवरची चौकोनी पोस्ट, मग २०१७ पासून एका पोस्टमध्ये दहा चित्रं सरकवण्याची सोय, यांनी आडवी पट्टी मोडून एका चित्रात एक चौकट आणली. काढणारेही स्कॅनर विसरून फोननेच पानाचा फोटो घेऊ लागले.

फोनचा कॅमेरा निळा स्पष्ट बघतो, वर खिडकीच्या बाजूने सावलीही टाकतो, आणि फोनमधल्या ‘डॉक्युमेंट’ अॅपांना चॅनल वगैरे काही विचारता येत नाही. त्यामुळे अलीकडे मी आणखी जुन्या पद्धतीकडे वळलेली मुलं बघतो: काचेखाली एलईडीची पट्टी, काचेवर कच्च्या रेखाटनाचा कागद, त्यावर कोरा कागद, आणि कोऱ्यावर थेट शाई. पेन्सिल त्या पानाला लागतच नाही. खालचा कागद साध्या एचबीने काढलेला असतो, कितीही काळा, कितीही दाबून.