पिझ्झा खालून कच्चा का राहतो? दोष ओव्हनच्या आकड्याचा नाही

थंडी सुरू झाली की इंदूरला मित्रमंडळींच्या बैठका जमायला लागतात आणि हल्ली दाल-बाफल्यांच्या जोडीला घरच्या पिझ्झ्याचेही बेत होतात. कोणी मैदा मळतं, कोणी सिमला मिरची चिरतं, मजा येते. आणि जवळपास सगळीकडे तक्रार एकच, वर चीज मस्त वितळलं, पण खालून बेस पांढरा, ओलसर. मग कोणीतरी ठासून सांगतं की आपला ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २५० अंश सेल्सिअसच्या वर जातच नाही, तिकडे नेपल्सला ४०० च्या वर तापलेल्या भट्टीत दीड मिनिटात पिझ्झा होतो, घरी तसा होणारच नाही. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला फार आवडतं म्हणून हा लेख.

आधी पाण्याचं बघू. भिजवलेल्या मैद्यात, मैद्याच्या वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के पाणी असतं. खालच्या थरात पाणी आहे तोवर तो थर १०० अंशांच्या वर जात नाही (इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे ९८ च धरा), कारण येणारी सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. आणि तो तपकिरी रंग, तो खमंग वास ज्यातून येतो ती मायार्ड अभिक्रिया (फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली वर्णन केलेली) जोरात चालते ती १४० अंशांच्या पुढे. म्हणजे खालचा थर पटकन कोरडा झाला पाहिजे, नाहीतर वरचं चीज करपतं तरी खाली पांढरंच.

आता खरा मुद्दा. हिवाळ्यात सकाळी अनवाणी पायाने फरशीवर उभे राहा आणि मग शेजारच्या लाकडी पाटावर, दोन्हींचं तापमान एकच असतं पण फरशी गार लागते. पायाला जाणवतं ते वस्तूचं तापमान नाही, ती वस्तू किती वेगाने उष्णता ओढते ते. पिझ्झ्याच्या बाबतीत हेच उलट्या दिशेने होतं, तापलेली वस्तू किती वेगाने उष्णता देते ते महत्त्वाचं. याला एक राशी आहे, इफ्युझिव्हिटी. वस्तूची उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता (एक किलो वस्तू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या की जिथे टेकतात तिथलं तापमान लगेच दोघींच्या मधलं काहीतरी होतं, आणि ते कोणाच्या बाजूला झुकणार हे ही राशी ठरवते, जिची जास्त तिच्या बाजूला. आणखी सुंदर गोष्ट अशी की दोन्ही वस्तू पुरेशा जाड असतील तर हे तापमान वेळेनुसार बदलत नाही, पहिल्या क्षणी जे झालं तेच टिकतं, फक्त उष्णतेचा ओघ काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होत जातो.

भट्टीच्या विटेची इफ्युझिव्हिटी पिठाच्या जेमतेम दीडपट असते. लोखंडाची दहा ते पंधरापट. २०१८ साली आंद्रे वारलामोव आणि आंद्रेयास ग्लात्झ हे भौतिकशास्त्रज्ञ आणि खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक सर्जिओ ग्रासो यांनी पिझ्झ्यावर शोधनिबंधच लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की विटेची भट्टी ३३० अंशांवर असली तरी पिझ्झ्याच्या तळाला मिळतात सुमारे २०८ च अंश, आणि पोलादाच्या पृष्ठभागावर तेवढेच मिळवायला ओव्हन २३० ला पुरतो! आता हेच गणित आपल्या २५० च्या ओटीजीला लावा. आत वीट किंवा दगड ठेवला तर तळाशी १६० च्या आसपास, लोखंडाची जाड प्लेट ठेवली तर २३० च्या आसपास. ओव्हन तोच, बटण तेच. (वाफ होण्यात जाणारी उष्णता या हिशोबात धरलेली नाही, ती धरली तर दोन्ही आकडे खाली येतात पण फरक राहतोच.)

मग कोणी म्हणेल ओटीजीबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे येतो, तोही धातूच आहे की. आहे, पण पातळ आहे, त्यात साठा नाही. ३० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६ मिलिमीटर जाड लोखंडी प्लेट सव्वाचार किलोची होते. ती नुसती २० अंशांनी उतरली तरी ४० किलोज्यूल देऊन जाते, म्हणजे जवळपास १८ ग्रॅम पाण्याची वाफ. तेवढ्याच आकाराच्या १ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेला तेवढी उष्णता द्यायला १९० अंश उतरावं लागेल. त्यात आपण तो ट्रे गारच आत सरकवतो, वर पिझ्झा ठेवून. तळ भाजला जातच नाही, वाफवला जातो.

म्हणून इटलीहून आलेला महागडा पिझ्झा स्टोन घ्या वगैरे जे सांगतात त्यांचं ऐकू नका. वेल्डिंगवाल्याकडून साधी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेट कापून घ्या, धार घासून घ्या, साबणाने धुऊन तेलाचा हात फिरवून एकदा तापवून घ्या. आपल्या ओटीजीची जाळी वजन पेलेल ना तेवढं आधी बघा. पिझ्झा सरकवायला उलटा पोळपाट, त्यावर थोडा रवा भुरभुरवून.

कणकेबद्दलही थोडं. आदल्या दिवशी मळून फ्रिजमध्ये ठेवली तर यीस्ट सुस्तावतं पण एन्झाइम स्टार्चमधून साखर काढत राहतात, आणि ती साखर रंगाला उपयोगी पडते. इथे बऱ्याच घरांत हात अडतो, कारण मळलेला गोळा रात्रभर ठेवला की तो पिंडासारखा होतो आणि भुतं येतात असं आपल्याकडे सर्रास सांगतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर शास्त्राचा मुलामा देऊन. यात काहीही तथ्य नाही. मे महिन्यात गोळा बाहेर राहिला तर आंबट होतो, बिघडतो, ते जिवाणूंमुळे, आणि त्यावर उपाय फ्रिजच आहे. घरातल्या मोठ्यांना हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा.

वरच्या बाजूचं गणित वेगळं, तिथे प्रारण म्हणजे रेडिएशन काम करतं आणि ते केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. ४५० अंशांची भट्टी २५० च्या ओव्हनपेक्षा साडेतीनपट जास्त प्रारण देते, इथे घरचा ओव्हन खरंच कमी पडतो, म्हणून शेवटची दोन मिनिटं वरचा ग्रिल लावा. टोमॅटो, सिमला मिरची मीठ लावून, पाणी काढूनच टाका. सेव (इंदूरला ती लागणारच) बाहेर काढल्यावर घाला, आत वाफेने ती मऊ पडते.

आणि जास्त जण येणार असतील तर दोन पिझ्झ्यांच्या मध्ये प्लेटला पाच-सात मिनिटं द्या, उतरलेले ते २० अंश तिला परत कमवायचे असतात. सुरुवातीला तर पाऊण तास आधीच ओव्हन लावा, हवा लवकर तापते आणि दिवा विझतो पण सव्वाचार किलो लोखंड तेवढ्यात तापत नाही.