ब्रह्मदेश १९४५ आणि १९४७: ठसा नंतर वाचा, आधी रंग पाहा

ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जच्या ब्रह्मदेशी तिकिटावर गोल गोल बर्मी अक्षरांचा ठसा (ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर मागाहून छापलेला मजकूर) दिसला, की विकणारा बिनधास्त ‘जपानी अंमल’ असं लिहितो आणि किंमत चढवतो. हे थांबायला हवं. ती तिकिटं जपान गेल्यावर दोन वर्षांनी निघाली आहेत. जपानी काळात राजाच्या तिकिटांवर जो ठसा आला, त्याची खूण मोर. तो १९४२चा. पुढे जपानी तिकिटांवर नवी किंमत छापली गेली आणि वेगळी चित्रंही आली. तो विषय इथेच संपतो.

खरा घोळ युद्धानंतरच्या दोन ओव्हरप्रिंटांचा आहे. मे १९४५मध्ये रंगून परत घेतल्यावर जूनमध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासनाची तिकिटं आली. त्यांवर रोमन अक्षरांत ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन’चं तोडलेलं रूप आहे. ऑक्टोबर १९४७मधल्या ठशात हंगामी सरकारचं नाव बर्मी लिपीत आहे. तोवर स्वातंत्र्यलढ्याचे नेते आँग सान यांची हत्या होऊन गेली होती आणि स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. लिपी तर कुणालाही ओळखता येते. पण बहुतेक जण तिथेच थांबतात आणि फसतात, कारण ठशाखालचं मूळ तिकीट दोन्हींत एकच समजतात.

चित्र एकच आहे, रंग नाहीत. १९४५चा ठसा १९३८च्या मालिकेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या युद्धापूर्वीच्या रंगांवर आहे. १ जानेवारी १९४६ला मुलकी कारभारासाठी तीच चित्रं नव्या रंगांत निघाली आणि १९४७चा ठसा या नव्या रंगांवर बसला. तीन पै जुन्यात जांभळं, नव्यात तपकिरी. सहा पै जुन्यात निळं, नव्यात गडद जांभळं. एक आणा जुन्यात जांभळट तपकिरी, नव्यात निळा. म्हणून ‘जांभळं म्हणजे जुनं’ असा नियम करू नका. आधी किंमत वाचा, मग रंग. नऊ पै दोन्हींत हिरवंच असल्यामुळे ओळख शिकायला ते घेऊच नये. माझं मत विचाराल, तर तीन पैपासूनच सुरुवात करावी.

अल्बममध्ये या दोन्ही मालिका ‘ओव्हरप्रिंट’ अशा एका मथळ्याखाली चिकटवलेल्या बघवत नाहीत. १९४५च्या शेजारी १९३८चं बिनठशाचं तिकीट लावा आणि १९४७च्या शेजारी १९४६चं. चार तिकिटांची एक ओळ झाली, की लष्कर, मुलकी कारभार आणि हंगामी सरकार हा क्रम न सांगता कळतो. मे १९४६ची विजयाची मालिका वेगळी ठेवा, तिचा इथे संबंध नाही.

तपकिरी तीन पैवर लष्करी ठसा, किंवा जांभळ्या तीन पैवर हंगामी सरकारचा ठसा कुणी दाखवला, तर भाव करत बसू नका. तिकीट परत द्या.