बॅटरी उतरलीय की मेलीय? आधी ते बघा, मग दुकानात जा

दर जानेवारीत आमच्याकडे हेच चालतं. दिवाळीनंतर बाईक कव्हर घालून पडवीत लावलेली, मालक नोकरीला पुणे नाहीतर बेंगळुरूला, संक्रांतीला घरी येतो, निफाडला पारा ५-६ वर आलेला, सेल्फ मारला की नुसतं टक टक टक, आणि तासाभरात पठ्ठ्या नवीन बॅटरी घेऊन हजर. विचारलं तर म्हणे "बॅटरी गेली होती". अरे गेली होती का उतरली होती? दोन्ही एकच नाहीये बाबा.

(आणि त्याच्याही आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, बघत जा. हसू नका, कव्हर ओढताना दाबला जातो तो.)

उतरलेली बॅटरी सगळ्यांना माहितीये. घड्याळ, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, वरून जीपीएस ट्रॅकर लावला असेल तर तो, हे सगळे गाडी बंद असतानाही थेंब थेंब करंट पितात. समजा १० मिलिअँपिअर जातोय, तर दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर झाले, म्हणजे ५ अँपिअर-अवरची बॅटरी २०-२१ दिवसात रिकामी. त्यात थंडीने बॅटरीचा जोर कमी होतो आणि ऑईल घट्ट होतं. चार्ज केली की काम झालं, विषय संपला.

मेलेली बॅटरी म्हणजे हीच उतरलेली बॅटरी, फक्त महिनोन् महिने तशीच पडू दिलेली. प्लेटांवर जे लेड सल्फेट जमतं ते वेळेत चार्जिंग केलं तर सुटतं, नाही केलं तर कडक होऊन बसतं आणि मग कितीही चार्ज करा, तेवढी प्लेट कामातून गेली.

आता खरा घोळ. भाच्याचा फोन, "मामा, मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट येतंय, म्हणजे बॅटरी ओके आहे ना?" नाही रे राजा! हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. तुझ्या आजोळच्या विहिरीचं बघ ना, सकाळी डोकावलं तर पाणी चांगलं वर दिसतं, मोटर चालू केली की पाच मिनिटात फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, कारण गाळ भरलाय आणि झरे बुजलेत. व्होल्टेज म्हणजे ती वरून दिसणारी पातळी. आत माल किती आहे ते मोटर चालवल्याशिवाय कळत नाही, आणि इथे मोटर म्हणजे सेल्फ.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी पूर्ण चार्ज करा, उतरलेल्या बॅटरीवर टेस्ट करून काही कळत नाही, ती खाली बसणारच. चार्जर काढल्या काढल्या मीटर १३ च्या वर दाखवेल, तो नुसता फेस आहे, त्यावर खूश होऊ नका, रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी १२.६ च्या आसपास किंवा वर असेल तर मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर धरा, वायरच्या टर्मिनलवर नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा १० च्या वर टिकला आणि इंजिन नीट फिरलं तर बॅटरी फक्त उतरली होती, खिशातले पैसे खिशात ठेवा. धाडकन ७-८ वर आला तर मेली. आणि चार्ज करूनही १०.५ च्या पुढे सरकतच नसेल तर एक सेल बसलाय, एकूण सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ चा, हिशोब तुम्हीच करा.

तिसरी गंमत कोणी सांगत नाही. सेल्फ दाबला, टक झालं, आणि आकडा १२.५ वरून हललाच नाही! विहिरीची पातळी उतरली नाही म्हणजे मोटरने पाणी उचललंच नाही. बॅटरीचा काही दोष नाही, टर्मिनल ढिलं, रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) किंवा अर्थची वायर बघा. मी स्वतः यात हात पोळलेत. दुकानदाराने मीटर लावलाच नाही, "साहेब संपलीय" म्हणाला, जुनी बदल्यात ठेवून घेतली, आणि आठवड्यात नवीन बॅटरीवरही तेच टक टक. शेवटी चेसीवरचा अर्थचा बोल्ट काढला तर खाली गंजाची पापडी, पॉलिश पेपरने घासला, एका झटक्यात गाडी चालू. जुनी बॅटरी तोवर गेली भंगारात.

आणि कृपा करून "ढकलून चालू कर" हा सल्ला बंद करा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या बऱ्याचशा मेलेल्या बॅटरीवरही किकने चालू व्हायच्या. एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा व्हूँऽऽ आवाज आला नाही तर पेट्रोलच वर येणार नाही, गल्लीच्या टोकापर्यंत ढकला नाहीतर सिन्नरपर्यंत ढकला.

दुसरी चीड म्हणजे घरच्यांना सांगून रोज ५ मिनिटं गाडी चालू करून ठेवणारे. सेल्फने जेवढं ओढलं तेवढंही धड भरून निघत नाही, वर थंड सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच. मी आता दिवाळीचा पाडवा झाला की १० नंबरचा पाना घेऊन निगेटिव्ह वायर काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा बाईकच्याच चार्जरवर लावतो, ५ अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर, ट्रॅक्टरचा चार्जर अजिबात नाही. घड्याळ दरवेळी शून्यावर जातं. जाऊ दे, तसंही पडवीत उभ्या गाडीला कुठे जायचंय.