पार्श्वभूमी : ऑक्सिजन ऑडिट म्हणजे नेमकं काय?

१८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईकर इस्पितळात जायलाच घाबरत. कोविडमध्ये धास्ती होती ती खाट मिळण्याची. खाट मिळाली की माणूस सुरक्षित, असं आपण धरून चाललो.

सप्टेंबर २०२० मध्ये पहिली लाट चढत असताना सिलिंडर पुरेनात. तेव्हा राज्यात मर्यादा घालण्यात आली: वॉर्डातल्या रुग्णाला मिनिटाला ७ लिटर, आयसीयूत १२ लिटर. टंचाईचा हिशेब खरा होता. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. नाकावाटे जोरात ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं; म्हणजे तो सिलिंडर दोन तासांत रिकामा. १२ लिटरने तोच जवळपास दहा तास पुरतो. पण रुग्णाला किती लागतं, हे सिलिंडर पाहून ठरत नाही. डॉक्टरांच्या संघटनेने हाच आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता.

'ऑक्सिजन ऑडिट', म्हणजे रुग्णालयातल्या ऑक्सिजनच्या वापराची तपासणी, हा शब्द याच वादात रुळला आणि त्यात दोन कामं एकत्र झाली. एक, नासाडी थांबवणं: सैल मास्क, गळकी जोडणी, रुग्ण जेवायला बसला तरी चालूच राहिलेला प्रवाह. नंदुरबारमध्ये यासाठी 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या गेल्या. या सगळ्या काळातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट हीच. दुसरं काम वाटपाचं: कोणत्या रुग्णालयाची मागणी 'जास्त' आहे ते शोधणं. दुसऱ्या लाटेत टंचाई तीव्र झाली तसं हे दुसरं कामच वरचढ ठरलं. दोन्हींत लिटर मोजले जात. टाकी, झडप, पाइप यांची तपासणी हा वेगळा विषय राहिला.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी भरताना गळती झाली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण गेले. त्या दिवशी टाकीत ऑक्सिजन येत होता; रुग्णापर्यंत पोहोचला नाही.

आगीचंही तसंच. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेल्यावर राज्यभर फायर ऑडिटचे, म्हणजे आगीपासूनच्या सुरक्षेच्या तपासणीचे, आदेश निघाले. बंद खिडक्या, चोवीस तास चालणारे एसी, ऑक्सिजनने भारलेली हवा, प्लास्टिकचे किट: आयसीयूत ठिणगी पुरते. तरी मार्चमध्ये भांडुपच्या आणि एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात आग लागली. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू पेटला, ११ जण गेले. तेव्हा लाट ओसरली होती, सिलिंडरची टंचाईही नव्हती.