ज्ञानकोशातील स्त्रियांची अनुपस्थिती: एक खुलासा

‘विकिपीडिया या इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात स्त्रियांची चरित्रे कमी आहेत, कारण नोंद घेण्याजोगे काम करणाऱ्या स्त्रियाच कमी होत्या,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यात तथ्यांश आहे: शिक्षण आणि पदे नाकारली गेल्याने अनेकींची छापील नोंदच झाली नाही, आणि स्वतंत्र, विश्वासार्ह प्रकाशित संदर्भाशिवाय लेख सहसा टिकत नाही. परंतु सगळी तफावत त्यातून उलगडत नाही. लेख आपोआप तयार होत नाही. कोणा स्वयंसेवकाला तो लिहावासा वाटावा लागतो, आणि असे लिहिणाऱ्यांत पुरुषांची संख्या बरीच जास्त आहे. इंग्रजी आवृत्तीतील चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा २०१४ च्या सुमारास साधारण १५ टक्के होता. स्वयंसेवी गटांनी याद्या करून लेखन केल्यावर तो २० टक्क्यांच्या आसपास गेला.

पडताळणी घरबसल्या करता येते. शतकभरापूर्वी निवर्तलेल्या एखाद्या शास्त्रज्ञ स्त्रीचा लेख उघडून ‘इतिहास पहा’ या दुव्यातील सर्वांत जुनी नोंद पाहावी, मग तिच्यावरील संदर्भांची प्रकाशनवर्षे पाहावीत. संदर्भ कित्येक दशके आधीचे आणि लेख मात्र अलीकडचा असेल, तर उणीव तिच्या कर्तृत्वात नव्हती, हे उघड आहे. अर्थात एका लेखावरून निष्कर्ष काढू नये. एखाद्या जुन्या छापील कोशातील दहा-वीस नावे घेऊन पाहणे अधिक न्याय्य.